दोन इंच

माझे आजोबा वयाच्या सत्तरीपर्यंत एकदाही आगगाडीत बसले नव्हते. मुंबईला ते सगळे मिळून चार-पाच वेळा गेले असतील, आधी बोटीने आणि नंतर एसटीने. बोटीचा प्रवास त्यांना आवडायचा, कारण बोटीत माणसाला आडवं होता येतं. एसटीत रात्रभर बसून कशेडी घाट ओलांडेपर्यंत पाठीचं लाकूड व्हायचं. अशा या माणसाचा खासदार १९७७ साली देशाचा रेल्वेमंत्री झाला. रेडिओवर बातमी लागली तेव्हा आजोबा खळ्यात बसून सुंभ वळत होते म्हणे. हातातलं काम न थांबवता त्यांनी एवढंच विचारलं, “रेल्वेमंत्री आपलो, आणि रूळ खंय? घाटार!”

हे वाक्य आमच्या घरात पुढे म्हणीसारखं चालू राहिलं. बाबा पोस्टात नोकरीला आणि आम्हालाच काकाचं पत्र बारा दिवसांनी मिळालं, की आई म्हणायची, रूळ घाटार. शेजारच्या वैद्यांच्या घरात कोणी आजारी पडलं, तरी तेच.

खासदार म्हणजे प्रा. मधू दंडवते. मतदारसंघ राजापूर. १९७१, १९७७, १९८०, १९८४, १९८९ अशा ओळीने पाच निवडणुका ते इथून जिंकले. माझा जन्म १९७० चा, त्यामुळे मला समज आल्यापासून मी कॉलेजातून बाहेर पडेपर्यंत आमचा खासदार बदललाच नाही. लहानपणी मला ‘खासदार’ आणि ‘दंडवते’ हे एकाच गोष्टीचे दोन शब्द वाटायचे.

राजापूरपासून देवगड, मालवण, वेंगुर्ला करत सावंतवाडीपर्यंत पसरलेला हा पट्टा. जांभा दगड, काजू, हापूस आणि मनिऑर्डर. घरटी एक तरी माणूस मुंबईत, गिरणीत नाहीतर गोदीत. मागे राहिलेली म्हातारी माणसं, बायका आणि पोरं मतदान करायची. कोकणातल्या निवडणुकीचं हे अंकगणित दिल्लीच्या पत्रकारांना कधी उमगलं असेल असं वाटत नाही. इथला बराचसा मतदार म्हणजे पोस्टमनची वाट पाहणारी बाई होती.

दंडवत्यांच्या आधी इथे बॅरिस्टर नाथ पै होते. वेंगुर्ल्याचे, म्हणजे घरचेच. १९५७, १९६२, १९६७ अशा तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या. लोकसभेत ते बोलायला उभे राहिले की विरोधी बाकांसकट सगळं सभागृह ऐकायचं, हे आमच्याकडे शाळेत न गेलेली माणसंही सांगायची. १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात ते गेले, अवघ्या ४८ व्या वर्षी. दोन महिन्यांच्या आत लोकसभेची निवडणूक. समाजवाद्यांनी उभा केला तो माणूस नगरचा, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवणारा. मालवणी त्याची बोली नव्हती, नात्यागोत्यातला कोणी इथे नव्हता. त्या काळी समाजवाद्यांमध्ये ही चाल रूढच होती. पुण्याचे मधू लिमये बिहारमधून निवडून यायचे, मंगळूरचे जॉर्ज फर्नांडिस पुढे मुजफ्फरपूरहून. तरी कोकणी माणूस बाहेरच्याला ओटीवर बसवतो, माजघरात घेत नाही. दंडवत्यांना घेतलं ते ‘नाथांचो माणूस’ म्हणून. गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात त्यांनी मार खाल्ला होता, हेही त्यांच्या खात्यावर जमा होतं. गोवा इथून हाकेच्या अंतरावर.

आजीची गोष्ट मात्र वेगळी होती. तिला पक्षबिक्ष काही कळत नव्हतं, आणि कळून तरी काय उपयोग झाला असता? १९७१ ला दंडवते प्रजासमाजवादी पक्षाकडून झोपडी या चिन्हावर उभे होते. १९७७ ला जनता पक्ष झाला, चिन्ह चक्रातला नांगरधारी शेतकरी. १९८९ ला जनता दल, नुसतं चक्र. वीस वर्षांत तीन चिन्हं. दर निवडणुकीला बाबा तिला नमुना मतपत्रिका दाखवायचे. ती चष्मा लावून बघायची आणि विचारायची, “औंदा खंयचा चिन्न?” बाबा बोट ठेवायचे. मग दुसरा प्रश्न ठरलेला, “माणूस तोच मां?” तोच, असं कळलं की मतपत्रिका घडी करून डब्याखाली. चर्चा संपली.

या दुसऱ्या प्रश्नाचा मी आता पन्नाशी उलटल्यावर फार विचार करतो.

कारण हिशोब मांडला तर दंडवत्यांनी वीस वर्षांत सत्ता किती भोगली? मार्च १९७७ ते जुलै १९७९, आणि डिसेंबर १९८९ ते नोव्हेंबर १९९०. सगळे मिळून सव्वातीन वर्षं. बाकीची पावणेसतरा वर्षं विरोधी बाकावर, आणि त्यातला काही काळ तर बाकावरही नाही, तुरुंगात. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागू झाली तेव्हा ते एका संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरूला होते. वाजपेयी, अडवाणीही त्याच कामासाठी तिथे. तिघांनाही तिथेच अटक झाली. इकडे प्रमिलाताई येरवड्याला. नवरा एका राज्याच्या तुरुंगात, बायको दुसऱ्या, आणि मधे सेन्सॉर झालेली पत्रं. आमच्या पोस्टातल्या बाबांना ही पत्रांची गोष्ट फार लागली होती. ते म्हणायचे, दुसऱ्याचं पत्र उघडायचं म्हणजे पोस्टाचा धर्म बुडाला.

विरोधी पक्षाचा खासदार मतदारसंघाला काय देऊ शकत होता? आजच्या पोरांना हे समजावून सांगताना मला आधी एक गोष्ट सांगावी लागते, की त्या वेळी खासदार निधी नव्हता. खासदार स्थानिक विकास निधी सुरू झाला डिसेंबर १९९३ मध्ये. आधी ५ लाख, मग वर्षाला १ कोटी, मग २ कोटी, २०११ पासून ५ कोटी. दंडवत्यांची कारकीर्द १९९१ ला संपली. म्हणजे वीस वर्षांत त्यांच्या हातात मतदारसंघात खर्चायला सरकारने दिलेला एक रुपयाही नव्हता. आमच्या गावात समाजमंदिर आहे, त्यावर एका खासदाराचं नाव आहे. स्मशानशेडवर आहे. एसटीच्या निवारा शेडवर तर दोन आहेत, कारण शेड दोनदा बांधली. दंडवत्यांचं नाव कुठेच नाही. असणारच नाही. त्यांच्याकडे होता तो प्रश्नोत्तराचा तास, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, आणि अर्थसंकल्पावर बोलायला मिळणारी वीस-पंचवीस मिनिटं. बोलायचं, विचारायचं, मंत्र्याला उत्तर द्यायला भाग पाडायचं, एवढंच.

हे काम गावातून दिसत नाही. आजोबांना तर अजिबात दिसत नव्हतं. “येतत, भाषण करतत, जातत,” हे त्यांचं मत. आणि ते अगदीच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात आमच्या वाडीतल्या बायका अर्धा कोस लांबून पाणी आणायच्या, त्या मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. ते काम जिल्हा परिषदेचं, फार तर आमदाराचं, हे मला आता कळतं. हंडा डोक्यावर असताना कोणाला कळलं असतं?

मी त्यांना एकदाच पाहिलं, तेही बाजारातल्या एका सभेत, बाबांच्या कोपराखालून. मी दहा वर्षांचा असेन. भाषणातलं एक वाक्य आठवत नाही. आठवतात गॅसबत्तीभोवती फिरणारी पाखरं, जाड चष्म्याच्या काचेत उमटलेला बत्तीचा पांढरा ठिपका, आणि पुढे खाली बसलेल्या बायका. त्यातल्या निम्म्या पेंगत होत्या. कोणी उठून मात्र गेली नाही.

आता त्या सव्वादोन वर्षांकडे येतो, कारण आजोबांची खरी तक्रार तिथली होती.

ज्याच्या मतदारसंघात रुळाचा एक तुकडा नाही, तो रेल्वेमंत्री. गंमत अशी की त्या पदावर त्यांनी केलेली कामं आम्हा राजापूरकरांच्या काहीच उपयोगाची नव्हती. १९७४ च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं. आमच्याकडे रेल्वे कामगार होते ते मुंबईत, परळ-माटुंग्याच्या वर्कशॉपात. डिसेंबर १९७७ मध्ये मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू केली, पहिला-दुसरा असा वर्ग नसलेली, एकाच दर्जाची गाडी. आम्हाला हावड्याला कशाला जायचंय? आणि तिसरी गोष्ट, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोम.

ही तिसरी गोष्ट मला नीट कळली ती फार उशिरा, काकांकडून. काका मुंबईच्या गिरणीत जॉबर होते आणि साठ-सत्तरच्या दशकात वर्षातून एकदा कामगार संघटनेच्या अधिवेशनाला कुठे नागपूर, कुठे इंदूर असे जायचे. ते सांगायचे, दुसऱ्या वर्गात रात्र काढायची म्हणजे फळ्यांच्या मधल्या फटी पाठीवर छापून घ्यायच्या. बर्थ म्हणजे लाकडाच्या पट्ट्या, त्यावर घरून आणलेली सतरंजी, सतरंजीवर घडी केलेलं धोतर. गाडी रुळाच्या सांध्यावरून गेली की प्रत्येक सांधा मणक्यात मोजता यायचा. पहिल्या वर्गात गादी असायची. गादी ही पहिल्या वर्गाची ओळख होती, दुसऱ्या वर्गाला ती द्यायची असते असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. आणि मग एके वर्षी काका डब्यात चढले तर बर्थवर रेक्झिन, आणि रेक्झिनखाली दोन इंच फोम. काका म्हणाले, “मी आधी टीसीची वाट पाहिली. म्हटलं चुकून वरच्या वर्गात शिरलो.”

दोन इंच. बोटाची दोन पेरं. पहिल्या वर्गाची गादी काढून सगळ्यांना फळीवर आणण्याचा समाजवादही करता आला असता, आणि तो सोपा होता. या प्राध्यापकाने खालची फळी वर उचलली. भारतात त्यानंतर दुसऱ्या वर्गाने रात्रीचा प्रवास केलेल्या कोट्यवधी माणसांपैकी कितीजणांना माहीत असेल की पाठीखालचे हे दोन इंच कुठून आले? माहीत असायचं कारणही नाही. त्यावर पाटी नाही.

आणि राजापूरच्या मतदाराला हे दोन इंच मिळाले सगळ्यात शेवटी, कारण त्यासाठी आधी गाडी हवी होती.

१९८४ बद्दल दोन शब्द बोललंच पाहिजे. इंदिराजींच्या हत्येनंतरची ती लाट. महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला गेल्या. सगळ्या देशात जनता पक्षाचे दहा खासदार निवडून आले, आणि महाराष्ट्रातून एकच, राजापूरचा. आमच्या गल्लीत फटाके वगैरे काही वाजले नाहीत. आजीने निकाल ऐकून विचारलं, “मगे? त्येतूर काय ता नवाल?” तिच्या लेखी माणूस तोच होता, आणखी काय हवं.

१९८९ चं मत माझं पहिलं. मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं त्याच वर्षी, मी १९ चा. चक्रावर शिक्का मारला आणि बाहेर येऊन बोटावरची शाई आजीला दाखवली. दंडवते अर्थमंत्री झाले. त्यांच्या एकुलत्या अर्थसंकल्पाने १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा गेला. आमच्या गावच्या सोनाराने त्या दिवशी दुकानात पेढे वाटले, हे मी स्वतः खाल्लेल्या पेढ्याच्या जोरावर सांगतो. आणि १९९० च्या जुलैमध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्री दंडवते, महामंडळाचे पहिले प्रमुख ई. श्रीधरन. नाथ पैंच्या काळापासून ज्याची नुसती मागणी होत होती ते काम वर्षाच्या आत मार्गी लागलं, आणि ज्या युक्तीने लागलं ती मला अजून आवडते. रेल्वेच्या अर्थसंकल्पात एवढा पैसा कधी निघाला नसता. मग वेगळी कंपनीच काढायची. ५१ टक्के भाग रेल्वेचा, २२ टक्के महाराष्ट्राचा, १५ कर्नाटकाचा, गोवा आणि केरळ ६-६ टक्के. उरलेले पैसे बाजारातून, रोखे काढून. आयुष्यभर समाजवाद शिकवलेल्या माणसाने सगळ्यात मोठं काम रोखेबाजाराच्या जोरावर केलं, आणि त्याबद्दल त्याला समाजवादी मित्रांनी चिमटे काढले असतील तर मला नवल वाटणार नाही.

नोव्हेंबर १९९० ला सरकार पडलं. १९९१ ला परत निवडणूक.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. त्या वेळी मी मुंबईत होतो, डोंबिवलीला काकांच्या दहा बाय बाराच्या खोलीत, नोकरी शोधत. मतदानाला गावी जायचं म्हणजे एसटीचं येण्या-जाण्याचं भाडं, दोन रात्रींचं जागरण, आणि एका मुलाखतीची तारीख. मी गेलो नाही. मनात म्हटलं, राजापूरला काय, ते येणारच. इतकी वर्षं ज्या माणसाला न मागता निवडून आलेलं पाहिलं, तो पडू शकतो हे माझ्या डोक्यातच नव्हतं. वारं बदललेलं होतं खरं. आदल्या वर्षी मालवणातून शिवसेनेचे नारायण राणे विधानसभेत गेले होते, वाडीवाडीत शाखांचे फलक लागत होते, आणि चाकरमान्यांची तरुण पिढी सुट्टीत येताना भगवी उपरणी घेऊन येत होती. समाजवाद्यांच्या सभेला पुढच्या रांगेत बसणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या होत्या. आजी तर १९९० च्या पावसाळ्यात गेली. दंडवते हरले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले. रेल्वे मंजूर करून आणलेल्या माणसाला रेल्वे यायच्या आधीच मतदारसंघाने घरी पाठवलं, आणि त्या निकालात माझं एक मत कुठेच नव्हतं.

ती नोकरी मला मिळाली नाही. हे आपलं सहज सांगितलं.

बाबांनी पत्रात लिहिलं होतं, ‘दंडवते गेले. आता लोक म्हणतात रेल्वेपण गेली.’ पण रेल्वे गेली नव्हती. डोंगर फोडत होते. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच, लहानमोठे मिळून जवळजवळ दोन हजार पूल, नव्वदच्या वर बोगदे. आमच्या वाडीतल्या तिघांची काजूची बाग रुळाखाली गेली. त्यातल्या एकाने मोबदल्याच्या पैशात मोटारसायकल घेतली, आणि पुढची कितीतरी वर्षं तो रूळ दिसले की मान फिरवून जायचा. अख्खा मार्ग सुरू झाला १९९८ च्या २६ जानेवारीला. आजोबा तेव्हा नव्वदीचे. मे महिन्यात बाबा त्यांना कुडाळ स्टेशनवर घेऊन गेले. कुठे जायचं नव्हतं, नुसतं बघायला. आजोबांनी फलाटावर काठी टेकून गाडी येताना पाहिली, थांबताना पाहिली, जाताना पाहिली. घरी आल्यावर आईने विचारलं, कशी होती? ते म्हणाले, “लांब असा.”

बसले ते कधीच नाहीत.

रेल्वेने कोकणचं सोनं झालं असं मी काही म्हणणार नाही. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण खिडकी उघडल्यावर दोन मिनिटांत संपतं, आणि आमच्याच दारातून न थांबता पुढे धावणाऱ्या गाड्या मोजायला रात्र पुरत नाही. चाकरमानी कायमचा परत आला नाही, नुसता लवकर पोचायला लागला. स्टेशनांच्या नावातही खोच आहे. सावंतवाडी रोड, वैभववाडी रोड, नांदगाव रोड. ‘रोड’ म्हणजे गाव इथे नाही, इथून रस्ता आहे. राजापूर रोडला उतरून राजापूर शहर गाठायचं तर पुन्हा चांगला पल्ला मारावा लागतो.

आणि आता राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघही उरलेला नाही. १९९६ पासून चार वेळा तिथून सुरेश प्रभू निवडून आले, पुढे तेही रेल्वेमंत्री झाले, हा योगायोग म्हणायचा की मातीचा गुण कोण जाणे. मग पुनर्रचनेत मतदारसंघ पुसला गेला. २००९ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्ग. दंडवते १९९६ ते ९८ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते आणि १२ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दिला. म्हणजे समाधीही नाही. मतदारसंघ नाही, निधीची पाटी नाही, समाधी नाही.

मागच्या गणपतीला मी रात्रीच्या गाडीने गावी निघालो होतो. शयनयान, मधला बर्थ. माझ्या खाली कणकवलीकडची एक आजी, सोबत नातू. तिला रात्रभर झोप लागली नाही. कूस बदलायची, उठून बसायची, परत आडवी व्हायची. पहाटे गाडी थांबली. खिडकीतून पावसात भिजलेली पिवळी पाटी दिसली, राजापूर रोड. नातू जागा झाला. आजीने बर्थवर हाताने दोनदा थोपटलं आणि त्याला म्हणाली, “कसली ही गादी रे? खडपार निजल्यासारख्या वाटता.”

मी वरून खाली हात घालून माझी चादर तिच्याकडे दिली. तिने ती चौघडी केली आणि पाठीखाली घेतली.